एकेरी लहर म्हणताय? मग उलट बाजूनेही मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'टोपॉलॉजिकल फोटॉनिक स्फटिक' हा शब्द मराठी विज्ञान पुरवण्यांना आता नवा राहिलेला नाही. ठरावीक अंतराने भोके पाडून किंवा कांड्या उभ्या करून लहरींना वाट आखून देणारी ही रचना. चिपवर प्रकाशाला हवे तसे वळवणारा रस्ता, तीव्र वळणावरही न अडखळणारी टेराहर्ट्झ लहर, सहाव्या पिढीचा मोबाइल अशा मथळ्यांखाली तो अधूनमधून भेटतो. या बातम्यांत एक वाक्य हमखास असते : 'या स्फटिकात लहर एकाच दिशेने जाते, मागे फिरूच शकत नाही.' चुंबक लावलेल्या काही स्फटिकांबाबत हे वाक्य तंतोतंत खरे आहे. ज्यांच्या बातम्या जास्त येतात त्या सिलिकॉन चिपांबाबत मात्र ते चूक आहे. दोन्ही जातींना नाव एकच, त्यामुळे घोळ होतो. आणि तो बातमीपुरता राहत नाही, एम.एस्सी.च्या प्रकल्प-अहवालांतही उतरतो. म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

फरक ओळखायची कसोटी साधी आहे. रचनेची दोन टोके अ आणि ब. अ मधून लहर सोडायची आणि ब ला किती पोचली ते मोजायचे. मग रचनेला हात न लावता ब मधून सोडायची आणि अ ला किती आली ते पाहायचे. नेटवर्क ॲनालायझरच्या (ही मोजणी करणाऱ्या यंत्राच्या) भाषेत हे दोन आकडे म्हणजे एस-२१ आणि एस-१२. दोन्ही सारखे आले तर वस्तू एकेरी नाही, मग तिच्या नावात काहीही असो. चुंबक लावलेला नाही, गुणधर्म वेळेनुसार बदलत नाहीत आणि प्रतिसाद लहरीच्या सरळ प्रमाणात आहे, अशा कोणत्याही रचनेत हे आकडे सारखेच येतात. हा लॉरेंट्झचा परस्परतेचा नियम. भोके कितीही कलाकुसरीने पाडली तरी तो मोडत नाही.

पुण्याच्या पेठांतला एकेरी रस्ता आठवा. पाटी लावली म्हणून उलटा येणारा दुचाकीस्वार थांबत नाही, कारण उलट यायला रस्ता असतोच. चुंबकीय स्फटिकाच्या कडेला जी वाट तयार होते तिच्यात उलटी मार्गिकाच नसते. यायचे म्हटले तरी पाय ठेवायला जागा नाही. सिलिकॉन चिपवरची वाट म्हणजे दुभाजक घातलेला दुहेरी रस्ता. दुभाजक शाबूत आहे तोवर गाडी उलट वळत नाही. खड्ड्याने तो कुठे फुटला, की यू-टर्न.

खरी एकेरी लहर ही तशी जुनीच गोष्ट आहे. महाविद्यालयातल्या एक्स-बँड (८ ते १२ गिगाहर्ट्झ) बाकावर गन ऑसिलेटरच्या, म्हणजे सूक्ष्मलहरींच्या उगमाच्या, लगेच पुढे आयसोलेटर बसवलेला असतो. त्याच्या पोटात फेराइटचा (लोहयुक्त चुंबकीय सिरॅमिकचा) तुकडा आणि वर एक चुंबक. पुढे जाणारी शक्ती तो जवळपास तशीच सोडतो. परत येणारी फेराइटात किंवा रोधक पट्टीत जिरवतो. म्हणजे इथे उलटी लहर असते, फक्त ती मारली जाते. स्फटिकाची करामत याच्या एक पाऊल पुढची आहे : उलटी लहर जन्मालाच येत नाही, त्यामुळे जिरवायचा प्रश्न उरत नाही.

ही कल्पना भौतिकशास्त्रज्ञ डंकन हॉल्डेन आणि श्रीनिवास राघू यांची. २००५ मध्ये त्यांनी ती मांडली आणि २००८ मध्ये शोधनिबंध छापून आला. त्याआधी १९८७ मध्ये एली याब्लोनोविच आणि सजीव जॉन यांनी स्वतंत्रपणे दाखवले होते की, पदार्थाची आवर्ती मांडणी केली तर काही वारंवारतांच्या लहरींना आत शिरकावच मिळत नाही. या वर्ज्य टप्प्याला पट्टा-फट म्हणू. हॉल्डेन-राघूंचे म्हणणे असे की, चुंबकाने काळाची उलट-सुलट सममिती (काळ उलटा चालवला तरी तेच घडण्याचा गुण) मोडली तर फटीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना (लहरींना मुभा असलेल्या वारंवारतांच्या टप्प्यांना) एक पूर्णांक चिकटतो. हा चेर्न अंक. तरंगसदिशाच्या (लहरीची दिशा आणि तरंगलांबी सांगणाऱ्या बाणाच्या) नकाशावर बंद फेरी मारून आल्यावर लहरीची कला, म्हणजे तिच्या चढउतारातली जागा, किती सरकली, याची पूर्ण नकाशाभरची बेरीज म्हणजे तो. (फेरी मारून आल्यावर कला सरकते, ही गोष्ट ध्रुवित प्रकाशाबाबत १९५६ मध्ये बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. पंचरत्नम यांनी मांडली होती. हा धागा आपल्याकडच्या बातम्यांत सहसा येत नाही.) अंक पूर्णांक असल्याने तो थोडाथोडा बदलू शकत नाही. बदलायचा तर फट एकदा मिटावी लागते. 'टोपॉलॉजिकल' म्हणतात ते या चिवटपणामुळे. म्हणून वेगवेगळा अंक असलेली दोन क्षेत्रे जिथे भिडतात, त्या शिवेवर (सीमेवर) फट ओलांडणारी वाट निघतेच. आणि किती वाटा कोणत्या दिशेने, हे अंकांचा फरक ठरवतो.

२००९ मध्ये एमआयटीत झेंग वांग, यिडाँग चाँग, जॉन जोआनोपूलोस आणि मारिन सोल्याचिच यांनी हे करून दाखवले. व्हॅनेडियम मिसळलेल्या कॅल्शियम-लोह गार्नेटच्या ३.९ मिलिमीटर त्रिज्येच्या, ७ मिलिमीटर उंचीच्या कांड्या, ४ सेंटीमीटरच्या चौकोनी जाळीत, दोन तांब्याच्या पत्र्यांच्या मधे. पत्र्यांना लंब ०.२० टेस्लाचे, म्हणजे २००० गॉसचे, चुंबकीय क्षेत्र. कडेला धातूची भिंत. ४.५ गिगाहर्ट्झच्या आसपास पुढची आणि मागची लहर यांत ५० डेसिबलच्या घरातला फरक आला, म्हणजे एकास एक लाख. वाटेत धातूची पट्टी आडवी घातली तर लहर तिला वळसा घालून पुढे गेली.

मग हेच प्रकाशाला का करत नाहीत? इथे एक छोटा हिशेब उपयोगी पडतो. चुंबकित फेराइटची पार्यता (चुंबकीय क्षेत्राला तो किती दाद देतो ते) ही एक संख्या नसून कोष्टक असते. कर्णावरचे पद म्यू, कर्णाबाहेरचे कप्पा. उलट-सुलट भेद करतो तो कप्पा. फेराइटचा अनुनाद एका गॉसला २.८ मेगाहर्ट्झ या दराने चढतो, म्हणून १६०० गॉसला तो ४.४८ गिगाहर्ट्झवर येतो. यिट्रियम-लोह गार्नेटचे संपृक्त (जास्तीत जास्त होऊ शकणारे) चुंबकन १७८० गॉस. त्याच दराने ४.९८ गिगाहर्ट्झ. आता ४.२८ गिगाहर्ट्झची लहर घ्या. ४.४८ चा वर्ग २०.०७, ४.२८ चा १८.३२, वजाबाकी १.७५. कप्पा म्हणजे ४.२८ गुणिले ४.९८ भागिले १.७५, सुमारे १२.२. म्यू म्हणजे १ अधिक ४.४८ गुणिले ४.९८ भागिले १.७५, सुमारे १३.७. भेद करणारे पद मुख्य पदाच्या तोडीस तोड! फट रुंद उघडते ती यामुळे.

एक्स-बँडच्या ९.५ गिगाहर्ट्झला हाच खेळ करायचा तर जाळी निम्म्याहून लहान करता येते, पण क्षेत्र ३५५० गॉसच्या आसपास न्यावे लागते, आणि १७८० हा आकडा मात्र आपल्याबरोबर वाढत नाही. तो पदार्थाचा आहे. कप्पा निम्म्याहून खाली येतो, फट अरुंद होते. दूरसंचाराच्या प्रकाशाची वारंवारता १९३ टेराहर्ट्झ. तिथे या मार्गाने कप्पा उरतो दहा लाखांत सव्वीस. प्रकाशासाठी उरतो तो फक्त फॅराडे परिणामाचा (चुंबकामुळे प्रकाशाचे ध्रुवण फिरण्याचा) क्षीण आधार. २०१७ मध्ये सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटाने गार्नेटवर फोटॉनिक स्फटिक बसवून १.५५ मायक्रॉनच्या आसपास एकेरी लेसर दाखवला, त्यात फटीची रुंदी होती ४२ पिकोमीटर. तरंगलांबीच्या ०.००३ टक्के. एवढ्या फटीत लहर धरून ठेवणे म्हणजे सुईच्या नेढ्यातून दोरखंड ओवणे.

या अडचणीमुळे संशोधक चुंबकाशिवायच्या रचनांकडे वळले. यात चूक काहीच नाही, उलट या रचना उपयोगाला लवकर येतील. फक्त त्यांना एकेरी म्हणायचे नाही.

त्यांच्या दोन मुख्य जाती आहेत. पहिली २०१५ ची, जपानच्या त्सुकुबा येथील लाँग-हुआ वू आणि शियाओ हू यांची. सहा-सहा परावैद्युत (वीज न वाहणाऱ्या पदार्थाच्या) कांड्यांचे षट्कोनी घोस घ्यायचे. जाळीचे अंतर भागिले घोसाची त्रिज्या बरोबर ३ असेल तर मधमाशीच्या पोळ्यासारखी समान जाळी होते आणि फट मिटलेली असते. घोस पसरवून हे गुणोत्तर ३ च्या खाली नेले तर फट उघडते ती टोपॉलॉजिकल, आवळून ३ च्या वर नेले तर साधी. दोन्ही प्रकार एकमेकांना भिडवले की शिवेवर दोन वाटा निघतात, विरुद्ध दिशांच्या आणि विरुद्ध गरगरीच्या. आता शिवेजवळ डावीकडे गरगरणारा स्रोत ठेवला तर लहर एका बाजूला जाते, उजवीकडे गरगरणारा ठेवला तर दुसऱ्या. बातमीसोबत जे रंगीत चित्र छापले जाते त्यात लहर खरोखरच एका बाजूला जाताना दिसते. चित्र खोटे नसते. पण ती किमया स्रोताची असते. त्याच जागी साधा, एका रेषेत थरथरणारा स्रोत ठेवा, लहर दोन्हीकडे पळेल. शिवाय शिवेवर घोसांची षट्कोनी सममिती मोडते, त्यामुळे दोन वाटांत किंचित भेसळ पहिल्यापासूनच असते.

दुसरी जात 'व्हॅली' (दरी) स्फटिकांची. जाळीच्या प्रत्येक घरात दोन भोके, एक मोठे एक लहान. शिवेच्या पलीकडे त्यांची अदलाबदल. सिंगापूरच्या नानयांग तंत्रविद्यापीठाने आणि ओसाका विद्यापीठाने २०२० मध्ये दाखवलेली चिप याच जातीची : १९० मायक्रॉन जाडीचे उच्च रोधाचे सिलिकॉन, जाळीचे अंतर २४२.५ मायक्रॉन, त्रिकोणी भोकांच्या बाजू या अंतराच्या ०.६५ आणि ०.३५ पट, फट साधारण ०.३२ ते ०.३५ टेराहर्ट्झ. दहा तीव्र वळणांच्या वाटेवरून सेकंदाला ११ गिगाबिट माहिती चूक न होता गेली. काम उत्तमच आहे. पण इथे लहर वळणावर परतत नाही, कारण ६० आणि १२० अंशांच्या वळणांत शीव त्याच नागमोडी घडणीची राहते आणि दोन 'दऱ्यां'तल्या (तरंगसदिशाच्या नकाशावर फट सर्वांत अरुंद असते अशा दोन जागांच्या) लहरींची गाठ पडत नाही. शीव ९० अंशांत वळवली तर घडण बदलते, दऱ्या मिसळतात, परतलहर सुरू होते. जाळीच्या मापाहून बारीक, अणकुचीदार दोषही हेच करतो. २०२३ मध्ये डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठातल्या गटाने सिलिकॉनच्या पातळ पडद्यावर अशा वाटा कोरून मोजणी केली. कोरीवकामात अटळ असलेल्या नॅनोमीटर-पातळीच्या खडबडीतपणाने मंद लहर जोरात मागे फेकली गेली. टोपॉलॉजीचे संरक्षण त्यांना आढळले नाही. ही बातमी कुठे फारशी झळकली नाही.

जाता जाता एक. एकेरी वाटेला चुंबकच लागतो असेही नाही, फिरणेही ते काम करू शकते. २०१७ मध्ये देलप्लास, मार्स्टन आणि व्हेनाय यांनी दाखवले की विषुववृत्तालगतच्या महासागरी केल्विन लहरी फक्त पूर्वेकडेच का जातात, याचे उत्तरही याच गणितात आहे; चुंबकाचे काम तिथे पृथ्वीचे परिवलन करते. किनाऱ्याने जाणारी केल्विन लहर उत्तर गोलार्धात किनारा नेहमी उजव्या हाताला ठेवते. बंगालच्या उपसागरात उठलेली लहर पूर्व किनाऱ्याने खाली येते, श्रीलंकेला वळसा घालते आणि केरळ, गोवा, कोकण असा वर चढते. उलटी येत नाही.

आता ज्यांना हे टेबलावर करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी.

व्हॅली जात आधी, कारण ती सोपी. चुंबक नसल्याने मापे सरळ तरंगलांबीच्या प्रमाणात वाढवता येतात. ०.३३ टेराहर्ट्झऐवजी १० गिगाहर्ट्झ घेतले तर सगळे ३३ पट : जाळी ८ मिलिमीटर, पत्र्याची जाडी ६.३, त्रिकोणांच्या बाजू ५.२ आणि २.८ मिलिमीटर. एवढे जाड सिलिकॉन सहज मिळणार नाही. १० च्या आसपास परावैद्युतांकाचे (विद्युतक्षेत्राला पदार्थ किती दाद देतो ते सांगणाऱ्या अंकाचे) सिरॅमिकयुक्त लॅमिनेट चालते. सिलिकॉनचा अंक ११.७ असल्याने फट सहा-सात टक्क्यांनी वर सरकेल, एवढे धरून चाला. लहान त्रिकोणाचे कोपरे मिलिंगच्या कटरने गोल होतात. १ मिलिमीटर व्यासाचा कटर वापरला तर कोपरा अर्ध्या मिलिमीटर त्रिज्येचा होणारच. तो गणनेतही तसाच घाला, नाहीतर फट मोजणीत भलतीकडे सापडेल. सगळ्यात जास्त फसगत होते ती जोडणीत. या भोकांच्या पत्र्यात विद्युतक्षेत्र पत्र्याच्या पातळीत हवे. एक्स-बँडच्या डब्ल्यूआर-९० या आयताकृती लहरनळीत ते अरुंद, १०.१६ मिलिमीटरच्या बाजूला समांतर असते. म्हणून पत्र्याची निमुळती जीभ नळीत आडवी नव्हे, उभी घालायची. आडवी घातली तर फट दिसतच नाही, आणि दोष मात्र स्फटिकाला दिला जातो.

चुंबकीय जातीचे काम किचकट, पण एकेरीपणा बघायचा तर तीच. ४ ते ५ गिगाहर्ट्झमध्येच राहा. ७ मिलिमीटर फटीच्या दोन पत्र्यांत, मधे हवा असेल तिथे, २१ गिगाहर्ट्झपर्यंत उभ्या क्षेत्राचा एकच प्रकार चालतो, त्यामुळे हिशेब द्विमितीय राहतो. कांड्या एकाच घाण्यातल्या मागवा. फेराइटच्या संपृक्त चुंबकनात घाण्यागणिक काही टक्क्यांचा फरक सहज असतो. उंची घासून एकसारखी करून घ्या, कारण कांडीच्या माथ्यावर राहिलेली हवेची फट सर्वांत जास्त छळते. विद्युतक्षेत्र उभे असल्याने कांडी आणि हवा एकापुढे एक जोडलेल्या धारित्रांसारखी वागतात. ७ मिलिमीटरमध्ये ६.९ फेराइट आणि ०.१ हवा असेल तर परावैद्युतांक १५ चा थेट १२.५ होतो. कागदाच्या जाडीएवढी हवा, आणि सहावा हिस्सा गेला. वरच्या पत्र्यावर सारखे वजन द्यावे किंवा कांडीच्या माथ्यावर तांब्याची मऊ चकती ठेवावी.

क्षेत्राबाबत दोन गोष्टी. मोठा विद्युतचुंबक नसेल तर प्रत्येक कांडीच्या खाली-वर निओडिमियमची चकती बसवता येते. नंतरच्या अनेक प्रयोगांत असेच केले आहे. पत्र्याला बाहेरून खळगा करून अर्धा मिलिमीटर तांबे शिल्लक ठेवले तरी पुरे, कारण ४.५ गिगाहर्ट्झची लहर तांब्यात जेमतेम एक मायक्रॉन शिरते. पत्रा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा, स्क्रू पितळी. एकही लोखंडी स्क्रू नको. चकत्या एकमेकींना ओढतात आणि पत्रे मधे दबतात, म्हणून ७ मिलिमीटरचे नायलॉनचे ठोकळे मधेमधे हवेत. प्रत्येक चकतीचा ध्रुव होकायंत्राने तपासा. खाली-वरची एक जरी जोडी उलटी गेली तर त्या कांडीचा कप्पा उलट्या चिन्हाचा होतो. (अख्खा अर्धा भाग जाणूनबुजून उलटा केला तर मधल्या शिवेवर एकाऐवजी दोन एकेरी वाटा मिळतात, तो प्रयोग नंतर जरूर करावा.) चकत्याचकत्यांत ५ टक्के फरक असेल तर १६०० गॉसवर ८० गॉस, म्हणजे अनुनाद सव्वादोनशे मेगाहर्ट्झ इकडेतिकडे. गॉसमीटरने मोजून चकत्या निवडाव्या लागतातच. तापमानही विसरू नये. निओडिमियमचे क्षेत्र एका अंशाला साधारण ०.१ टक्का उतरते. सकाळी २२ अंशांना जुळवलेला संच मे महिन्यातल्या दुपारी ३८ अंशांना २५ गॉसने, म्हणजे ७० मेगाहर्ट्झने सरकलेला असतो.

दुसरी गोष्ट कागदावरच्या हिशेबाची. वर जो कप्पा काढला तो अनंत लांब कांडीचा. उंची आणि व्यास जवळपास सारखे असलेल्या बुटक्या कांडीत ध्रुवांचे स्वतःचे उलट क्षेत्र तयार होते, चुंबकनाच्या साधारण एक तृतीयांश. म्हणजे बाहेर २००० गॉस असले तरी आत सुमारे १४०० च. अनुनाद त्यामुळे खाली येतो. तो लहरीच्या वारंवारतेच्या खाली गेला तर कप्पाचे चिन्हच उलटते. गणिताने सांगितलेल्या दिशेच्या विरुद्ध लहर गेली तर आधी इथे बघा. आणि अनुनादावरच बसू नका. तिथे कप्पा मोठा असतो खरा, पण फेराइट लहर पिऊन टाकतो. टोपॉलॉजी लहरीला मागे वळण्यापासून वाचवते, शोषणापासून नाही.

फट कोणती, हेही महत्त्वाचे. चौकोनी जाळीत तळाकडून पहिली फट साधी असते, तिच्या चेर्न अंकाची बेरीज शून्य. हवी ती दुसरी, दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्ट्यांमधली. ४ सेंटीमीटर जाळीला ती ४.५ गिगाहर्ट्झजवळ येते. खालच्या फटीत दिवसभर शोधाशोध करून 'एकेरीपणा नाही' असा निष्कर्ष काढणे सहज घडते.

भिंत आणि पहिली रांग यांतले अंतर अर्ध्या तरंगलांबीपेक्षा, म्हणजे ३.३ सेंटीमीटरपेक्षा, बरेच कमी ठेवा. जास्त झाले तर साधी नळीतली लहरही त्या गल्लीत शिरते, आणि ती दोन्हीकडे जाते. अँटेना म्हणून खालच्या पत्र्यातून वर काढलेली एसएमए जोडाची (केबल जोडायच्या छोट्या आट्यांच्या जोडाची) पिन पुरते. वरच्या पत्र्याला टेकू देऊ नका. उरलेल्या तीन बाजूंना शोषक फोम लावायचा. चारही बाजूंना धातू लावला तर ब वरून सोडलेली लहर उलट न येताही सगळ्या परिघाला प्रदक्षिणा घालून अ ला पोचते, आणि मागचा आकडा खोटाच मोठा दिसतो. स्फटिक बिचारा आपले काम चोख करत असतो.

मोजणीसाठी स्वस्तातला छोटा ॲनालायझर चालेल, ६ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारे मिळतात. पण यांतले बहुतेक फक्त एस-११ आणि एस-२१ मोजतात. 'एस-१२' हवे तर केबली स्फटिकाच्या बाजूने अदलून पुन्हा मोजावे लागते आणि केबली हलल्या की कॅलिब्रेशन पुन्हा. सुरुवातीला दोन्ही टोकांना ५० ओहमची टोपी लावून यंत्राचा तळ किती ते बघा. तळच ४५ डेसिबल खाली असेल तर ५० डेसिबलचा दावा करता येत नाही.

मग वाटेत पितळेची पट्टी आडवी उभी करा, दोन्ही पत्र्यांना टेकेल अशी, आधी २ सेंटीमीटर, मग ४, मग ६. पुढच्या दिशेची पातळी जवळपास तशीच राहून कला तेवढी मागे पडत गेली, तर लहर वळसा घालते आहे. हा टप्पा गाळू नये. नुसता पुढच्या-मागच्या आकड्यांत फरक तर एक्स-बँड बाकावरचा आयसोलेटरही दाखवतो.

शेवटी चार आकडे एका तक्त्यात : चुंबक सुलटे असताना अ ते ब आणि ब ते अ, सगळ्या चकत्या उलटवून पुन्हा तेच दोन. पहिल्या ओळीतले आकडे दुसऱ्या ओळीत जागा बदलून आले पाहिजेत. उलटवल्यावरही तीच बाजू मोठी राहिली, तर फरक केबलचा किंवा बिघडलेल्या कॅलिब्रेशनचा आहे, स्फटिकाचा नाही. संपादक महोदय, पुढच्या वेळी 'एकेरी' शब्दाचा मथळा देण्याआधी आपल्या बातमीदाराने मूळ निबंधात हा चार आकड्यांचा तक्ता, निदान त्याची पहिली ओळ, आहे का तेवढे पाहावे.

आपले,
सूक्ष्मलहरींची प्रयोगशाळा शिकवणारे दोन वाचक, पुणे